कच्चं काम

रात्रीचा दीड वाजून गेला होता. समोर नववीच्या ३८ पेपरांचा गठ्ठा होता आणि मी त्यांची बेरीज चौथ्यांदा करत होते. आधीच्या तीन फेऱ्यांत एकही चूक निघाली नव्हती. तरी पहिला पेपर पुन्हा उघडला, प्रश्नांपुढचे आकडे पुन्हा पुटपुटले, पहिल्या पानावरच्या बेरजेशी पुन्हा ताडून पाहिले. दहाव्या पेपरापर्यंत आले आणि वाटलं, तिसऱ्याकडे आपलं नीट लक्ष नव्हतं. मग परत तिसरा.

वर्षभरापूर्वी एका मुलाच्या पेपरात माझ्याकडून सहा मार्क बेरजेत धरायचे राहून गेले होते. त्याचे आईवडील भेटायला आले, मी मार्क दुरुस्त करून सही केली. दहा मिनिटांत विषय संपला, जाताना त्यांनी आभारही मानले. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. तेव्हापासून पेपरांचा गठ्ठा दिसला की पोटात गोळा यायचा. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. स्टाफ मीटिंगच्या आदल्या दिवशी छातीवर दडपण असायचं. गणिताच्या ओढीने मी शिक्षिका झाले होते, आणि आता तेच शिकवताना माझं लक्ष तास कधी संपतो याकडे असायचं.

आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनीच एका मानसशास्त्रज्ञ मॅडमचं नाव सुचवलं. पुढच्या आठ महिन्यांत त्यांच्याकडे माझी सोळा सत्रं झाली.

पहिल्या सत्रात त्यांनी काही प्रश्नावल्या भरायला दिल्या. झोप कशी आहे, मन कशात लागतं का, अशा. शेवटची मात्र वेगळी होती. तिच्यात प्रश्न नव्हते, ४० विधानं होती, आणि प्रत्येकापुढे सात पर्याय, ‘पूर्णपणे पटतं’पासून ‘अजिबात पटत नाही’पर्यंत. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरते, चुकलो तर लोकांच्या मनातून उतरू, मदत मागणं म्हणजे कमीपणा, साधारण अशा अर्थाची विधानं. भरलेला कागद हातात घेऊन मॅडमनी विचारलं, “बरीच खाडाखोड दिसतेय?”

“हो, आधी उत्तरं चुकली होती.”

“कोणती चुकली होती?”

मला काही सांगता येईना. त्या कागदावर बरोबर किंवा चूक असं उत्तरच नव्हतं. मला काय पटतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं आणि मी मात्र काय पटायला हवं ते शोधत बसले होते. एकोणीस वर्षं शिकवून झाल्यावरही समोर कागद आला की मी परीक्षार्थीच होते.

या प्रश्नावलीचं नाव ‘डिसफंक्शनल ॲटिट्यूड स्केल’. आर्लीन वाइसमन आणि ॲरन बेक या अमेरिकन संशोधकांनी ती १९७८ साली मांडली. गुण कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २८०, जास्त गुण म्हणजे धारणा जास्त ताठर. माझे १७१ आले. मी लगेच विचारलं, “बाकीच्यांचे साधारण किती येतात?” मॅडम म्हणाल्या, “हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुढे लागेल.”

माझे सगळ्यात जास्त गुण दोन प्रकारच्या विधानांवर होते. एक, काम अचूक झालं तरच मी ठीक. दोन, लोकांना मी पसंत असले तरच मी ठीक. त्यांनी या सगळ्याला ‘अपायकारक धारणा’ म्हटलं आणि मला ते लागलं. मी त्यांना म्हणाले, मॅडम, याच धारणांवर मी शिकले, नंबर काढले, नोकरी मिळवली. याला तुम्ही आजार म्हणणार असाल तर शाळा जे जे शिकवते ते सगळं आजार म्हणावं लागेल.

त्या वादात शिरल्या नाहीत. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. ‘माझं काम उत्तम व्हावं.’ आणि खाली, ‘माझं काम उत्तम झालं नाही तर मी कुचकामी.’ म्हणाल्या, पहिली इच्छा आहे, दुसरी अट आहे. जोवर सगळं सुरळीत चालतं तोवर या दोन माणसांत बाहेरून काही फरक दिसत नाही. दोघं तितकाच अभ्यास करतात, दोघांचे मार्क चांगले येतात. फरक दिसतो तो पडल्याच्या दिवशी. पहिल्याला वाईट वाटतं. दुसऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते.

याच्यावर मी अनेक दिवस विचार करत राहिले. शाळेत ही गोष्ट इतकी उशिरा का लक्षात येते, याचं उत्तर तिथे होतं. ज्याची ही अट त्याला आतून पोखरतेय, त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘उत्तम’ असा शेरा असतो. आपण त्याची काळजी करायची सोडून इतरांना त्याचं उदाहरण देत राहतो.

बेक यांची गोष्ट मॅडमनी नंतर सांगितली, आणि ती मला धीर देणारी वाटली. ते फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. नैराश्यातला माणूस मनातला राग स्वतःवर उलटवतो, असं तेव्हा मानलं जायचं. हे सिद्ध करायला ते नैराश्यातल्या रुग्णांची स्वप्नं तपासायला गेले आणि त्यांना तिथे रागाऐवजी सापडलं हरणं, गमावणं, आपण कमी पडतो ही भावना. त्यांनी आपली मांडणी बदलली. त्यातून १९६० च्या दशकात बोधात्मक उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह थेरपी) उभी राहिली. तिच्यात मनाचं चित्र असं: झर्रकन येऊन जाणारे विचार वर, आणि त्यांच्या खाली न बोललेले ‘जर-तर’चे नियम. आपलं गृहीतक चुकलं हे कबूल करण्यातून निघालेली पद्धत मला चूक कबूल करायला शिकवत होती.

तिसऱ्या सत्रात माझा नियम उघडा पडला. मॅडम एकच प्रश्न विचारत गेल्या.

“बेरीज चुकली, समजा. मग?”

“पालक तक्रार करतील.”

“केली. मग?”

“मीटिंगमध्ये विषय निघेल.”

“निघाला. मग?”

“सगळ्यांना कळेल.”

“काय कळेल?”

मी गप्प झाले. बऱ्याच वेळाने जे वाक्य बाहेर पडलं ते मी याआधी कधीही, मनातसुद्धा, पूर्ण म्हटलं नव्हतं. “की मी मुळात या जागेच्या लायक नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.”

सहा मार्कांच्या बेरजेखाली हे होतं. चार-चार वेळा केलेली बेरीज मुलांसाठी नव्हती, हे वाक्य कुणाला दिसू नये यासाठी होती. मी त्या दिवशी खूप रडले. घरी गेल्यावर मात्र कित्येक महिन्यांनी सलग सहा तास झोपले.

पुढच्या आठवड्याचा गृहपाठ अगदी साधा होता: बोलण्यातला ‘च’ मोजायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली, तिचा सगळा रोख माणसाच्या ‘पाहिजेच’वर आहे. मराठीत त्यासाठी एक अक्षर पुरतं. ‘वेळेवर व्हायला हवं’ आणि ‘वेळेवर व्हायलाच हवं’ यांत फक्त एक ‘च’ आहे, पण दुसरं वाक्य म्हणताना माझा जबडा आवळला जातो हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मी वहीत स्वतःचे ‘च’ मोजत होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपण वर्गात काय बोलतो तेही ऐकावं. मुलांना सांगून टेबलावर फोन ठेवला आणि एक तास रेकॉर्ड केला.

रात्री ते ऐकताना मी मधेच थांबवलं. पुढे ऐकवेना.

‘एवढं तर यायलाच पाहिजे.’ ‘हे मागच्या वर्षीचं आहे, यात शंका असूच शकत नाही.’ आणि सारखं सारखं, ‘हे सोपं आहे.’ हे सोपं आहे असं मी मुलांची भीती जावी म्हणून म्हणत आले होते. मागच्या बाकावर बसून ऐकल्यासारखं ऐकलं तेव्हा कळलं. कठीण गणित आलं नाही तर गणित कठीण होतं असं म्हणता येतं, सोपं गणित आलं नाही तर दोष कुणाकडे जातो? ज्याला येत नाही त्याची तोंड उघडायची वाटच मी त्या वाक्याने बंद करत होते.

‘कुणाला शंका?’ असं विचारल्यावर मी किती वेळ थांबते तेही मोजलं. सेकंदभर, फार तर दीड. विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात हेच आढळलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. फळ्यापाशी उभं राहून मनात तीन मोजून बघा, फार लांब असतात ते. त्या शांततेत मला वाटायचं, मुलांना काहीच कळलेलं नाही, मी वाईट शिकवते. शांतता मला सहन होत नव्हती म्हणून मी ती मुलांकडून काढून घेत होते.

याच काळात एका मुलीकडे माझं लक्ष गेलं. तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून तिच्याबद्दल लिहिते आहे.

वर्गातल्या पहिल्या दोघा-तिघांत असणारी मुलगी. तिच्या पेपरात उजवीकडची कच्च्या कामाची जागा नेहमी रिकामी असायची. मला त्याचं कौतुक होतं. मी वर्गाला तिचा पेपर दाखवून म्हटलेलंही आठवतं, बघा, किती स्वच्छ! या खेपेला मात्र पेपर उजेडात धरला तेव्हा दिसलं की ती जागा रिकामी नव्हती. सगळं खोडलेलं होतं. दोन ठिकाणी खोडरबराने कागद पातळ होऊन फाटायला आला होता. आणि पाच मार्कांचा एक प्रश्न अजिबात सोडवलेला नव्हता, जागाही मोकळी सोडलेली. त्याच्या पहिल्या दोन पायऱ्या तिला नक्की येत होत्या, आदल्या आठवड्यात तिने त्या फळ्यावर केल्या होत्या.

मी विचारलं तर म्हणाली, “पूर्ण येत नव्हतं बाई, म्हणून लिहिलंच नाही.”

लिहिलंच नाही. तो ‘च’ माझ्या ओळखीचा होता.

मी तिची जुनी वही काढायला लावली. दोन महिन्यांपूर्वीच्या चाचणीत तिला २० पैकी १४ पडले होते. खाली लाल शाईत माझ्या हस्ताक्षरात एक ओळ होती: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ चाचणीच्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं ते त्यानंतर. तेवढ्यानेच दुखायला लागलं असं मी म्हणणार नाही. माणसाचं मन एका शेऱ्याने घडत नाही आणि मोडतही नाही. घरची परिस्थिती असते, स्वभाव असतो, आधीचं बरंच काही असतं. पण जे नियम मी दर आठवड्याला मॅडमसमोर उकलत बसले होते, त्यातला एक मी स्वतःच्या हाताने तिच्या वहीत लिहून दिला होता, याकडे मला डोळेझाक करता येत नव्हती.

‘हुशार’ म्हणण्याबद्दलही मला तेव्हाच विचार करावा लागला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग आहे. पाचवीच्या वयाच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग सगळ्यांना मुद्दाम कठीण कोडी दिली. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर हिरमुसली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण दुसऱ्यांना वाढवून सांगणारीही त्यांच्यात जास्त निघाली. या विचारावर शाळाशाळांतून पुढे जे कार्यक्रम झाले त्यांचा परिणाम मोठ्या अभ्यासांत फार माफक दिसला, हेही खरं आहे. भिंतीवर तक्ता लावून धारणा बदलत नाहीत. माझी तरी बदलली नाही. ती बदलायला मला प्रत्येक वेळी काहीतरी करून बघावं लागलं.

मॅडमची पद्धत अशी की वाद घालायचा नाही, अंदाज लिहायचा आणि तपासायचा. गणिताच्या माणसाला हे लगेच भावतं. पहिला प्रयोग बेरजेचा. चार फेऱ्या बंद. एकदा बेरीज, एकदा पडताळा, संपलं. मग गठ्ठा एका सहकारी शिक्षकांना तपासायला द्यायचा. आधी मी अंदाज लिहिला: किमान पाच चुका निघतील, सर माझ्याबद्दल काहीतरी मनात धरतील. निघाली एक चूक, एका मार्काची. सर म्हणाले, “माझ्या गठ्ठ्यात दोन होत्या, बघता का माझा एकदा?” तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांचे गठ्ठे बघतो. एकोणीस वर्षं शेजारी बसून आम्ही दोघंही ही भीती एकेकटी वाहत होतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसरा प्रयोग फळ्यावरचा. वर्गात चूक होऊ द्यायची आणि लपवायची नाही. मी हुशारी करून आधीच ठरवलेली चूक केली. मुलांना ती लगेच कळली, “बाई, तुम्ही मुद्दाम केलंत ना?” चूक माझ्या ताब्यात होती, म्हणून तिचा काही उपयोग नव्हता. खरी चूक नऊ-दहा दिवसांनी झाली. वर्गसमीकरण सोडवताना कंस सोडवला आणि शेवटच्या पदाचं चिन्ह बदलायचं राहिलं. उत्तर विचित्र आलं. माझी बोटं गार पडली. पूर्वी अशा वेळी मी डस्टर उचलून ‘हे घरी करा’ म्हणत असे. या वेळी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “माझं चुकलंय. कुठे चुकलं ते मला आत्ता दिसत नाहीये. शोधू या.”

वर्ग गप्प. मी मनात तीन मोजले. मग पाच. एका मुलाने, जो वर्षभरात माझ्या तासाला आपणहून कधी बोलला नव्हता, हात अर्धाच वर करून विचारलं, “बाई, कंसाबाहेर उणे आहे ना?” तो उठून फळ्यापाशी आला, चिन्ह दुरुस्त केलं. कुणी हसलं नाही. मी आधी वहीत अंदाज लिहिला होता, मुलांच्या नजरेतला आदर कमी होईल. तास संपल्यावर तीन मुलं शंका विचारायला थांबली. आठवड्यात एकही थांबत नसे.

मग मी वर्गाला सांगितलं, कच्चं काम खोडायचं नाही. पेपरात ते मला दिसलं पाहिजे. चुकलेल्या वाटेवर एक तिरकी रेघ मारा आणि पुढे जा. उत्तर चुकलं तरी जितक्या पायऱ्या बरोबर तितके मार्क मी देणारच होते, पण आता ते मोठ्याने, दर वेळी सांगू लागले. शेरे बदलले. ‘निष्काळजीपणा’ असं लिहिणं सोडलं. ‘चौथ्या ओळीपर्यंत बरोबर, तिथे चिन्ह बघ’ असं लिहू लागले. याला वेळ लागतो. ३८ पेपरांना असे शेरे लिहायला जवळजवळ दोन संध्याकाळी जास्त जातात, हे मी लपवणार नाही.

त्या मुलीला मी एके दिवशी तासानंतर थांबवलं. वहीतली ती ओळ दाखवली आणि म्हणाले, “हे मी लिहायला नको होतं. माझं चुकलं.” तिने बराच वेळ वहीकडे पाहिलं. मग विचारलं, “मग तुमची माझ्याकडून काय अपेक्षा आहे, बाई?”

मी अडखळले. ‘काहीच नाही’ म्हणणं खोटं झालं असतं आणि तिला ते टाकून दिल्यासारखं वाटलं असतं. शेवटी म्हणाले, जे येतं तेवढं लिही. अडलीस तिथे, ‘इथे अडले’ असं लिही. तिचा चेहरा काही उजळला वगैरे नाही. तिने मान हलवली आणि गेली. तिच्या पालकांशीही बोलले. पोटदुखी, झोप, परीक्षेच्या दिवसांतली गैरहजेरी, जे दिसलं तेवढंच सांगितलं, आणि समुपदेशकांकडे जायला सुचवलं. स्वतः उपचार घेते आहे म्हणून मी उपचार करायला लागायचं नाही, हे मॅडमनी मला आधीच बजावलं होतं.

आठव्या सत्रात तीच प्रश्नावली पुन्हा भरली. १३९. खूप हलकं वाटलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये निकालाचे आलेख पडद्यावर लावले गेले, प्रत्येक शिक्षकाच्या नावासह. माझ्या वर्गाची सरासरी मागच्या वर्षीपेक्षा घसरली होती. सगळ्यांसमोर विचारलं गेलं, “हे प्रयोग जरा जास्त होतायत का?” त्या रात्री मी पुन्हा तीन वाजता जागी होते. अकराव्या सत्रात मी स्वतःहून प्रश्नावली मागून घेतली. १६५.

मला वाटलं, सगळं वाया गेलं. मॅडमनी तेव्हा जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. या धारणा बऱ्या दिवसांत झोपलेल्या असतात. मन खाली गेलं की जाग्या होतात, आणि तेव्हाच त्या आपल्याला खऱ्या वाटतात. जीन मिरांडा आणि जॅकलिन पर्सन्स यांनी १९८८ मध्ये हे दाखवलं होतं. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलंय, त्यांचे या प्रश्नावलीतले गुण त्या-त्या वेळच्या मनःस्थितीबरोबर वरखाली होतात. म्हणून बरं वाटत असतानाचा आकडा बघून ‘मी सुटले’ म्हणायचं नाही आणि वाईट दिवसाचा बघून ‘मी बुडाले’ म्हणायचं नाही. शाळेतही असंच होतं, असं मला वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला कुठल्याही मुलाला विचारा, तो म्हणेल चुका झाल्या तर काय, शिकता येतं. विचारायचं असतं निकालाच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा मात्र शाळेत कुणी विचारत नाही.

त्याच सत्रात मी जरा रागावून म्हणाले, “म्हणजे तो आलेख पडद्यावर लावणं ठीक, आणि मला वाईट वाटलं तर माझी धारणा चुकीची?” त्यांनी कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला ‘माझा नियम’, दुसऱ्या बाजूला ‘परिस्थिती’. म्हणाल्या, वाटून टाका. ‘सरासरी घसरली म्हणजे मी लायक नाही’ हा माझा नियम. नावांसह आलेख, चार दिवसांत ३८ पेपर, वर्गात मोठ्याने वाचली जाणारी नंबरांची यादी, ही परिस्थिती. पहिल्या रकान्यावर आपण इथे काम करू. दुसऱ्यासाठी तुम्हाला शाळेत बोलावं लागेल.

ही उभी रेघ मला सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मुलांच्या आणि शिक्षकांच्या मानसिक आरोग्याबद्दल बोलताना आपण दुसरा रकाना फार लवकर पुसून टाकतो. तणाव आहे? श्वसनाचे व्यायाम करा, सकारात्मक विचार करा. पण नियम आभाळातून पडत नाहीत. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परिपूर्णतेचा सोस तिन्ही प्रकारांत वाढलेला दिसला: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि ‘मी परिपूर्ण असावं अशी दुसऱ्यांची अपेक्षा आहे’ ही जाणीव. सगळ्यात जास्त वाढला तो तिसरा. इतक्या मुलांना एकाच वेळी वाटायला लागतं की सगळे आपल्याला जोखत आहेत, तेव्हा त्यांना खरोखर किती जोखलं जातंय हेही मोठ्यांनी बघायला हवं.

मी मुख्याध्यापकांना भेटले. नंबरांची यादी वाचणं माझ्या वर्गापुरतं थांबलं, पेपर तपासायचे दिवस चाराचे सहा झाले. आलेख मात्र अजून नावांसह लागतात. तो पडदा उजळला की माझे खांदे अजूनही आक्रसतात.

सोळाव्या सत्रात आकडा १२६ होता. एक विधान होतं, मदत मागण्याबद्दलचं, ज्यावर पहिल्या दिवशी मी सर्वांत टोकाचा पर्याय निवडला होता. शेवटच्या दिवशीही ते फार हललं नाही. सातावरून पाचावर. मॅडमनी विचारलं, खोडावंसं वाटतंय का? मी म्हटलं, हो. आणि तसंच ठेवलं.

वार्षिक परीक्षेच्या गठ्ठ्यात त्या मुलीचा पेपर सतरावा होता. उजवीकडची जागा भरलेली होती, तिरक्या रेघा, एका ठिकाणी रागाने दाबून मारलेली रेघ पलीकडच्या पानावर उमटलेली. पाच मार्कांच्या शेवटच्या प्रश्नात तीन ओळी होत्या. तिसरी चुकीची. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे अडले.’

पहिल्या दोन पायऱ्यांचे मी दोन मार्क दिले. बेरीज केली, एकदा पडताळली. तिसऱ्यांदा करावी असं वाटत होतं. मी अठरावा पेपर उघडला.